चार आण्यांची बहीण

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं निवृत्त असतात, निदान त्यांचे केस तरी पिकलेले असतात. माझी ही नोकरी जेमतेम सव्वा वर्षाची, तीही अर्धवेळ, शिकता शिकता केलेली. तेव्हा हे लिहिणं म्हणजे आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो सांभाळून घ्यावा. आपल्या अंकाच्या संपादक वहिनी इथे डब्लिनमध्ये ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. ड्यूटीवरून घरी जाताना त्यांनी फोन केला. म्हणाल्या, "डॉक्टरांचे आणि आयटीवाल्यांचे लेख ढीगभर आलेत. तू ते आयरिश लोकांचे पूर्वज शोधायचास ना, त्यावर लिही."

मी म्हणालो, "वहिनी, मला शाळेत निबंधाला दहापैकी चार पडायचे."

"मग आता सहा पाडून घे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील आणि काका सिन्नरला मांडव-डेकोरेशनचा धंदा करतात. मी डेटा ॲनॅलिटिक्स शिकायला डब्लिनला आलो, टॅला नावाच्या उपनगरात एका खोलीत तिघांत राहू लागलो आणि संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासू लागलो. मार्च २०२०मध्ये हॉटेल बंद झालं. मे महिन्यात कॉलेजच्या एका सरांनी ईमेल पाठवला, की डब्लिनजवळच्या डून लेरीच्या एका बाईंना कॉम्प्युटरचं काम करणारा विद्यार्थी हवा आहे, मराठीत सांगायचं तर कुळं शोधायच्या कामासाठी. मला वाटलं, चुकून मला पाठवला असेल. तरी अर्ज केला.

त्या बाई म्हणजे मोरा. शाळेत इतिहास शिकवायच्या, निवृत्त होऊन हे काम करत होत्या. मी पहिल्या दिवशी त्यांना "मॅडम" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मॅडम माझी आई होती. मला मोरा म्हण." सत्तरीच्या बाईला नुसतं मोरा म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यामुळे मी त्यांना हाकच मारायचो नाही, नुसता घसा खाकरायचो. इथे मराठीत लिहितोय म्हणून मोकळेपणानं मोराबाई म्हणतो.

काम काय होतं ते सांगतो. आयर्लंडमधून पिढ्यान्पिढ्या माणसं बाहेर गेली. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत, आणि त्यांना आपलं मूळ गाव हवं असतं. शंभर वर्षांपूर्वी इथला सरकारी दप्तरखाना जळाला, त्यामुळे कागद अर्धे. उरली चर्चमधल्या बाप्तिस्म्यांची नोंद, आणि तिथे एकाच गावात एकाच वेळी पाच पॅट्रिक रायन. अशा वेळी डीएनए उपयोगी पडतो. लोक एका नळीत थुंकतात, नळी टपालानं कंपनीकडे जाते, आणि महिन्या-दीड महिन्यानं कंपनी सांगते की जगभरात ज्यांनी ज्यांनी अशी नळी पाठवली, त्यांच्यापैकी अमुक अमुक तुमचे नातलग आहेत आणि तुमचं त्यांच्याशी इतकं इतकं जुळतं.

हे "इतकं" आईला समजावताना मी सोळा आण्यांच्या जुन्या रुपयाचा हिशोब वापरला. सख्ख्या भावंडांचं आठ आणे जुळतं. सावत्र भावंडांचं, म्हणजे आई किंवा बाप एकच असलेल्यांचं, चार आणे. चुलत, मामे, मावस भावंडांचं दोन आणे. पुढे एक आणा, अर्धा आणा, करत करत चिल्लर. आई म्हणाली, "म्हणजे तू तिकडं लोकांची चिल्लर मोजतोस." मोराबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पुढे आम्ही दोघं आणेच म्हणू लागलो. "हा किती आण्यांचा आहे?" असं एक आयरिश बाई मला विचारायची, आणि मी सिन्नरचा माणूस डून लेरीला त्यांच्या घरच्या बागेत बसून "पावणेदोन" असं उत्तर द्यायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शिकागोचे एक गृहस्थ आपण राजघराण्यातले आहोत असं धरूनच चालले होते. त्यांना किल्ला हवा होता. आम्हाला त्यांचा खापरपणजा सापडला तो घोड्यांना नाल ठोकणारा. ते दोन आठवडे रुसले, आणि मग त्यांनी नालाचं चित्र असलेलं लेटरहेड छापून घेतलं. एका बाईंच्या अहवालात नखाएवढा भाग दक्षिण आशियाचा निघाला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि आनंदानं विचारलं, "तुझं गाव कोणतं? आपण नात्यातले तर नसू?" मी सांगितलं की ते टक्के म्हणजे अंदाज असतो, पण त्यांचा चेहरा पडला, तेव्हा म्हणालो, "असूही."

सगळंच हसण्यासारखं नसायचं. साठीच्या एका माणसाला कळलं की ज्यांना तो आयुष्यभर बाप म्हणत होता ते त्याचे बाप नव्हते. सगळं ऐकून तो फोनवर म्हणाला, "ग्रँड." हा इथला शब्द. त्याचा अर्थ भव्य वगैरे काही नाही. "बरं" म्हणतो ना आपण, तसा. चहा हवा का, ग्रँड. पाय मोडला का, ग्रँड. त्या माणसाचा ग्रँड माझ्या कानात पुष्कळ दिवस राहिला. शोधणं सोपं असतं. सांगणं अवघड, आणि ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. ते मोराबाईच करायच्या.

आता ज्या एका कामासाठी हा लेख लिहितोय तिकडे येतो.

ब्रीडाबाई डून लेरीतच राहायच्या, मोराबाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वय सदुसष्ट. तान्ह्या असताना त्यांना दत्तक दिलं होतं. तो काळच असा होता की लग्नाआधी मूल झालेल्या मुलीला ते आपल्याजवळ ठेवू दिलं जात नसे. दत्तक गेलेल्या मुलांना पुढे जन्माचा कागद मागूनही मिळत नसे. ब्रीडाबाईंनी सगळीकडे अर्ज करून पाहिले होते. जून महिन्यात त्या बागेत येऊन बसल्या, आमच्यापासून दोन मीटरवर, मास्क हनुवटीखाली.

"मला तिच्याकडून काही नको," त्या म्हणाल्या. "रडारड नको, कारणं नकोत. मला चांगले आईवडील मिळाले, चांगला नवरा मिळाला, तीन मुलं आहेत. तिनं कधी माझी काळजी केली असेल, तर तिला एवढंच सांगायचंय की माझं बरं चाललंय. आता काळजी सोड."

आई जिवंत असली तर नव्वदीला टेकलेली असणार, आणि त्या वर्षी म्हातारी माणसं रोज जात होती. म्हणून घाई होती.

ब्रीडाबाईंच्या नळीवरून कंपनीनं दिलेल्या नातलगांच्या यादीत सगळ्यात वर एक माणूस होता. लियम, टिपरेरी जिल्ह्यातला, त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. त्याच्या मुलांनी त्याला नाताळात गंमत म्हणून ती नळी भेट दिली होती. जुळत होतं बरोबर चार आणे. आम्ही दोघांनी मांडून पाहिलं. वयं बघता काका-पुतणी किंवा आजोबा-नात हे शक्यच नव्हतं. म्हणजे सावत्र भाऊ. लियमच्या आईचं नाव नॅन्सी. ती लग्नाआधी वर्षभर डब्लिनला कामाला होती असं लियमनंच सांगितलं, आणि आम्हाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. नॅन्सी सहा वर्षांपूर्वी वारली होती.

लियम भला माणूस. आपल्या आईला लग्नाआधी मूल झालं होतं हे ऐकून त्याला काय वाटलं असेल ते असो, फोनवर एवढंच म्हणाला, "मॅम कधी बोलली नाही, देव तिचं भलं करो. पण मला बहीण हवीच होती. चार भावांत वाढलोय मी." मॅम म्हणजे इथली आई. ऑगस्टमध्ये प्रवासाची बंदी उठली होती तेव्हा ब्रीडाबाई टिपरेरीला गेल्या. लियमनं त्यांना नॅन्सीचं थडगं दाखवलं. ब्रीडाबाईंनी ते स्वतःच्या हातानं घासून धुतलं. जे सांगायचं होतं ते त्या दगडाला सांगून परत आल्या.

सप्टेंबरात घरून आईचा फोन आला. माझ्या चुलतभावाचं, गणेशचं लग्न ठरलं होतं. पन्नास माणसांची परवानगी, आणि मांडववाल्यांच्या घरातच मांडव छोटा, म्हणून वडील नाराज. आईची तक्रार वेगळी होती.

"सगळ्यांना एक आहेर, मला दोन," ती म्हणाली. "काकू म्हणून एक साडी आणि मावशी म्हणून एक."

मागून मावशीचा आवाज आला, "घेतल्याशिवाय सोडणार नाही मी. लग्न एका मांडवात उरकलंत म्हणून आहेरही एकात उरकणार का?"

हे समजून सांगायला हवं. माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, आणि माझे वडील आणि काका सख्खे भाऊ. त्या दोघींची या दोघांशी लग्नं एकाच दिवशी एकाच मांडवात लागली. त्यामुळे गणेश माझा चुलतभाऊही आणि मावसभाऊही. शाळेत कुणी विचारलं तर आम्ही "दोन्ही" म्हणायचो आणि समोरचा वैतागायचा.

आई पुढे साडीच्या रंगाबद्दल बोलत होती. मी ऐकत नव्हतो. चुलत म्हणून दोन आणे. मावस म्हणून दोन आणे. गणेश आणि मी कधी नळीत थुंकलो असतो, तर कंपनीनं आम्हाला चार आणेच लिहिले असते. सावत्र भाऊ म्हणून.

दुसऱ्या दिवशी बागेत मी घसा खाकरला. मोराबाईंनी मान वर केली. मी म्हणालो, "माझं चुकत असेल कदाचित. पण लियमच्या आईला बहीण होती का? आणि वडिलांना भाऊ?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. ब्रीडाबाईंची यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "त्या बॉस्टनच्या बाई. यादीत खाली आहेत बघ, अर्ध्या आण्याच्या. मी त्यांना बाजूला ठेवलं होतं, कारण त्या लियमच्या वडिलांकडच्या नात्यातल्या आहेत आणि ब्रीडाशी जुळायचं त्यांना काही कारण नव्हतं." त्या उठल्या. "कारण होतं. फोन लाव त्याला. तूच बोल. तुझ्याशी तो बोलतो."

तो माझ्याशी बोलायचा हे खरं. लियमला पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, कुठला तू, वडील काय करतात, भावंडं किती. मला एकदम सिन्नरच्या स्टँडवर उभं असल्यासारखं वाटलं होतं. मग मीही त्याला तेच सगळं विचारत आलो होतो. फक्त काका-मावश्यांपर्यंत पोचलो नव्हतो.

"मॅमची बहीण? एक होती ना, धाकटी. कॅथलीन," लियम म्हणाला. "आहे अजून, कॉव्हेंट्रीला. म्हाताऱ्यांच्या फ्लॅट्समध्ये राहते. दर रविवारी फोन असतो आमचा. पोरवयातच इंग्लंडला गेली, लग्न नाही केलं. परत कधी आली नाही, मॅमच्या अंत्यविधीलाही नाही."

"आणि तुमच्या वडिलांना भाऊ?"

"डॅन. त्यालाही मी पाहिलं नाही, ट्रॅक्टरखाली गेला बिचारा, विशीतच. चौघं सायकलींच्या एकाच घोळक्यात नाचाला जायचे, असं मॅम सांगायची. दोन भाऊ, दोन बहिणी." फोनवर मागे कुत्रं भुंकत होतं. "अरे देवा," तो हळू म्हणाला.

पुढची खात्री मोराबाईंनी केली. एरवी सावत्र भावंडांचं एकाच पदरानं जुळतं, म्हणजे फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून. ब्रीडाबाई आणि लियम यांचं काही ठिकाणी दोन्ही पदरांनी जुळत होतं. ते आम्ही आधी पाहिलंच नव्हतं, कारण चार आणे पाहून आम्ही थांबलो होतो. त्या चार आण्यांत दोन आणे नॅन्सी-कॅथलीनचे होते आणि दोन आणे टॉम-डॅनचे. टॉम म्हणजे लियमचे वडील. ब्रीडाबाई कॅथलीनची आणि डॅनची मुलगी होती.

लियम नंतर मला म्हणाला, "दोन महिने बहीण होती मला." मी म्हणालो, "गणेश माझा चुलतभाऊच आहे. पण मला विचाराल तर भाऊ आहे." त्याला ते पटलं असावं. ब्रीडाबाईंना तो पुढेही "सिस" म्हणूनच हाक मारायचा.

ब्रीडाबाईंना सांगायला मोराबाईंनी त्यांना बागेत बोलावलं. मीही होतो. ब्रीडाबाईंच्या हातात कागदी पिशवी होती आणि पिशवीत डॅफोडिलचे कंद, बारक्या कांद्यांसारखे. ते ऑक्टोबरात मातीत घालतात आणि वसंतात फुलतात. नॅन्सीच्या थडग्यापाशी लावायला आणले होते. मोराबाईंनी सगळं सावकाश सांगितलं. तुमची आई जिवंत आहे, हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारलं.

ब्रीडाबाई पिशवीत बघत राहिल्या. "मग मी कुणाचं थडगं घासलं?"

मी म्हणालो, "मावशीचं." इंग्रजीत त्याला नुसतं आन्टी म्हणतात, त्यात काही येत नाही. म्हणून मी सांगितलं की आमच्याकडे आईच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, आणि ती आई असल्यासारखीच असते. मला एक आहे, ती फार भांडते.

त्या हसल्या, मग डोळे पुसले. "लावतेच मग हे," त्या म्हणाल्या. "जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवून कुजवण्यापेक्षा." प्रेस म्हणजे इथलं कपाट. पुन्हा टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात त्या टिपरेरीला जाऊन कंद लावून आल्या.

आमच्या कामात एक नियम आहे. सापडलेल्या माणसाच्या दारात एकदम जाऊन उभं राहायचं नाही. त्या माणसानं पन्नास-साठ वर्षं गोष्ट पोटात ठेवलेली असते आणि कदाचित घरात कुणालाच माहीत नसते. अशी कामं करणाऱ्या एका मध्यस्थ बाई इंग्लंडमध्ये होत्या. त्यांनी नोव्हेंबरात कॅथलीनशी फोनवर बोलून पाहिलं. उत्तर आलं, की कॅथलीनबाईंना संपर्क नको आहे. मुलगी डून लेरीला असते एवढं त्यांच्या कानावर पडलं, निरोप काय आहे ते मात्र त्यांनी ऐकून घेतलं नाही. फोन ठेवताना फक्त म्हणाल्या, "माझ्या लियमला यात ओढू नका."

ब्रीडाबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "ग्रँड." लियमनं कबूल केलं की तो आपणहून विषय काढणार नाही. मोराबाईंनी फाईल बंद केली. नाही म्हणायचाही हक्क असतो, असं त्या मला म्हणाल्या. मला ते कळत होतं, पण पटत नव्हतं. ब्रीडाबाईंना आईला एवढंच सांगायचं होतं की काळजी सोड, आणि तेवढंही तिच्यापर्यंत पोचवता येत नव्हतं.

जानेवारीपासून घराबाहेर पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. मार्चमध्ये टिपरेरीला डॅफोडिल फुलले तेव्हा ते बघायला ब्रीडाबाई जाऊ शकल्या नाहीत. लियमनं फोटो काढला. एक त्यांना पाठवला आणि एक, नेहमी पाठवायचा तसा, कॉव्हेंट्रीला मावशीला. तिला बहिणीचं थडगं बघायला मिळावं, एवढाच त्याचा हेतू. कॅथलीननं रविवारी विचारलं, "ही कुणी लावली?" खोटं बोलायचं नव्हतं आणि दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. तो म्हणाला, "डून लेरीच्या एक बाई आल्या होत्या." त्यावर ती हवापाण्याचं बोलू लागली. हे लियमनं मोराबाईंना कळवलं आणि मोराबाईंनी मला. उन्हाळाभर पुढे काहीच झालं नाही.

ऑगस्टमध्ये माझा अभ्यासक्रम संपला. मला एका हॉस्पिटलात आकडेवारीची नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी मोराबाईंनी चहा केला आणि म्हणाल्या, "आता तरी मोरा म्हण." मी म्हणालो, "मोरा." त्यापुढे काय बोलायचं ते विसरलो.

हा लेख मी ब्रीडाबाईंच्या त्या "ग्रँड"वर संपवला होता. वहिनींना पाठवणार, त्याच संध्याकाळी मोराबाईंचा फोन आला. ऑक्टोबर लागला तशी कॅथलीननं लियमला विचारलं होतं, "कंद लावायचे दिवस आले. ती बाई यंदा येणार आहे का?" तो म्हणाला, "माहीत नाही." ती म्हणाली, "मग नंबर दे तिचा. मीच विचारते."

फोन ब्रीडाबाईंनी स्वयंपाकघरात उभ्यानं घेतला. पलीकडच्या बाईनं नाव सांगितलं, फक्त कॅथलीन, आणि सरळ कंदांचं विचारलं. किती खोल लावले, दगडाच्या कोणत्या बाजूला, यंदा थोडे पांढरे मिळतील का, नॅन्सीला पांढरे आवडायचे. ब्रीडाबाई सगळ्याला हो म्हणत गेल्या. मग दोघींचंही बोलणं संपलं, पण फोन कुणीच ठेवला नाही.

"आणि तू?" म्हातारीनं विचारलं. "तुझं बरं चाललंय ना, बाळ?"

मोराबाई म्हणाल्या, की एवढी वर्षं सांगायला म्हणून जे काही जपून ठेवलं होतं, त्यातलं ब्रीडाबाईंना त्या वेळी काहीच आठवलं नाही.

त्या म्हणाल्या, "ग्रँड."